नवऱ्याच्या मनात काय होतं

निरोपसमारंभात माणसाने दोन शब्द बोलावेत, चहा प्यावा, भेट मिळालेलं घड्याळ काखोटीला मारावं आणि घरी जावं. लघुसाहेबांनी एवढंच केलं असतं तर पुढचा घोळ झालाच नसता. पण नोकरीभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलेल्या माणसाला एकदम सगळ्यांसमोर उभं करून "आज तुम्ही बोला" म्हटलं, तर त्याच्या तोंडून काय निघेल याची हमी कोण देणार? मोठ्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, "मग, आता काय बेत?" आणि लघुसाहेब म्हणाले, "कादंबरी लिहिणार."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेलं वाक्य मागे घेता येत नाही. खरं तर त्यांना "आराम करणार" म्हणायचं होतं. ते सोडून हे कुठून आलं, याचा त्यांना घरी येईपर्यंत पत्ता लागला नाही. शेजारी चालणाऱ्या बायकोला त्यांनी विचारलं, "मी असं का म्हणालो?" ती म्हणाली, "मला काय विचारता? तोंड तुमचं."

लघुसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीत लघुलेखक होते. साहेब बोलणार, हे पेन्सिलीने वेड्यावाकड्या रेघांत भराभर उतरवून घेणार आणि मग जागेवर जाऊन टाइप करणार. धंद्यावरून आणि थोडं उंचीवरूनही कोणीतरी त्यांना लघुसाहेब म्हणालं, आणि ते चिकटलं. मग त्यांच्या बायकोला इमारतीतले लोक बाईसाहेब म्हणू लागले. त्यांनीही कधी नको म्हटलं नाही.

हा धंदा वरून दिसतो तेवढा साधा नाही. लघुसाहेब ज्यांच्या हाताखाली शिकले ते मास्तर पहिल्याच दिवशी सांगायचे, ऐकायचं नाही, उतरवायचं. जो ऐकतो तो विचार करतो, जो विचार करतो तो मागे पडतो. शब्द कानातून आत आला की थेट बोटात गेला पाहिजे, मध्ये डोक्यात मुक्काम नको. लघुसाहेबांनी हे इतकं मनावर घेतलं की त्यांच्यासारखा हात अख्ख्या कचेरीत नव्हता. फक्त एकदा गंमत झाली. साहेब एक खरमरीत पत्र सांगत असताना मध्येच शिपायाला म्हणाले, "खिडकी लाव रे, वारा येतोय." ते वाक्यही पत्रात गेलं, टाइप झालं, साहेबांनी न वाचता सही केली आणि पत्र लांबच्या एका शाखेत पोचलं. तिकडून तातडीने उत्तर आलं की आदेशाप्रमाणे खिडकी लावण्यात आली आहे. कचेरी महिनाभर हसत होती. लघुसाहेबांना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. साहेब बोलले, यांनी उतरवलं. चूक कोणाची?

तर असा माणूस कादंबरी लिहिणार होता. नुसतं म्हणून सोडून दिलं असतं तर लोक विसरलेही असते, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यांची लेक, जी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, तिने एका प्रकाशनसंस्थेची जाहिरात शोधून काढली. ज्यांचं आजवर एकही पुस्तक नाही त्यांच्याकडून पहिली कादंबरी हवी होती. ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, कागद संस्थेच्या खिडकीवर पोचले पाहिजेत, त्यानंतर आलेलं परत जाईल. लेकीने बापाचं नाव नोंदवून टाकलं. जावई तर आणखी उत्साही. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं. मग फोन सुरू झाले. "काय, किती झाली?" जणू काही भिंत बांधायला घेतली होती.

लघुसाहेबांनी पहिल्यांदा टेबल खिडकीशी नेलं. लेखक खिडकीशी बसतात अशी त्यांची समजूत होती. पण खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि रस्त्यावरचं सगळं कादंबरीपेक्षा बरं वाटायचं. मग टेबल भिंतीकडे फिरवलं, तर भिंतीवरचा ओलीचा डाग दिसू लागला. त्यांनी पेन्सिल बदलली, कागद बदलले, उशी बदलली. पेन्सिलीला इतकं टोक केलं की पेन्सिल संपत आली आणि पान कोरं ते कोरंच.

शेजारी एक निवृत्त पीटी सर राहायचे. त्यांना जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माहीत असायचं, आणि ते उत्तर नेहमी एकच असायचं. "रोज सकाळी ठरावीक शब्द लिहायचे. कवायतीसारखं. आज हात दुखेल, उद्या दुखणार नाही."

"पण कुठले शब्द?" लघुसाहेबांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा," पीटी सर म्हणाले आणि दोरीवरच्या उड्या मारायला निघून गेले. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात.

वाईट याचं वाटायचं की आता लघुसाहेबांना खरोखरच लिहावंसं वाटू लागलं होतं. तोंडातून वाक्य निसटलं तेव्हा ती नुसती चूक होती. पण मागे वळून पाहताना त्यांच्या ध्यानात आलं, की आयुष्यभर हात चालला, कपाटंच्या कपाटं भरली, आणि त्यात एक वाक्य आपलं नाही. एकही नाही. ही गोष्ट त्यांना डाचू लागली. आपल्या आत काही आहे की नाही? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आत काहीच नसेल तर इतकी वर्षं आपण होतो कुठे? ते टेबलाशी बसून याच गोंधळात दुपार घालवायचे. फोन वाजला की बाईसाहेब परस्पर सांगायच्या, "लिहितायत." ते ऐकून लघुसाहेबांना रडू यायचं बाकी राहायचं.

एका सकाळी ते असेच कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवून बसले होते आणि मागे बाईसाहेब कपड्यांना इस्त्री करत होत्या. हात चालू असला की तोंडही चालू, ही त्यांची सवय. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय, नळवाला तीनदा येतो म्हणाला आणि आला नाही, वरच्या मजल्यावरची पोरं खुर्च्या ओढतात आणि त्या पोरांची आई दारातून बोलते पण आत या म्हणत नाही. बोलत बोलत त्या थांबल्या आणि लघुसाहेबांनी खाली पाहिलं. पान भरलं होतं.

नळ, नळवाला, खुर्च्या, सगळं ओळीने. पेन्सिल आपली आपण चालली होती. लघुसाहेब त्या पानाकडे बघत राहिले. मग वळून म्हणाले, "अगं, बोल."

"काय बोलू?"

"काहीही. म्हणजे काहीही नको. कादंबरी बोल."

बाईसाहेबांना आधी हसू आलं. मग इस्त्री उभी ठेवून त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. तो टोक केलेली पेन्सिल घेऊन तिच्याकडे तोंड करून बसला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा समोरासमोर, तिच्या शब्दाची वाट बघत, तो कधी बसला नव्हता. बाईसाहेबांनी एक शर्ट पसरला, त्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "एक बाई होती."

"हं. पुढे."

त्या दिवसापासून घराला वळण लागलं. सकाळी चहा झाला की लघुसाहेब टेबलाशी, बाईसाहेब इस्त्रीशी. त्या सांगायच्या, ते उतरवायचे. दुपारी तेच ते टाइप करायचे. टाइप करतानाही तोच नियम, फक्त कानाच्या जागी डोळे. डोळ्यातून बोटात, डोक्यात मुक्काम नाही. घरातले सगळे कपडे कडक झाले. चादरी झाल्या, पडदे झाले, एकदा तर पायपुसणीलाही इस्त्री झाली, कारण प्रकरण संपत नव्हतं. पानांचा गठ्ठा वाढू लागला. लेकीचा फोन आला की लघुसाहेब स्वतः उचलायचे आणि म्हणायचे, "निम्मी झाली." आवाजात असा काही रुबाब, की जावई म्हणाले, "बाबांना सूर सापडला."

कधी कधी बाईसाहेब सांगताना अडायच्या. एकदा तर बराच वेळ गेला, इस्त्रीखालून करपल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती उचलली. लघुसाहेब पेन्सिल उंच धरून थांबले होते. साहेब लोकही असेच शब्दासाठी अडतात, आपण घाई करायची नसते. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "पुढे." बाईसाहेबांनी डोळे पुसले आणि पुढे सांगितलं. आणखी एकदा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "हे असं सांगितलेलं चालेल ना तुम्हाला?" लघुसाहेबांनी मान डोलावली आणि तेही वाक्य उतरवून घेतलं. दुपारी ते टाइपही झालं.

शेवटच्या दिवसापर्यंत सगळं सुरळीत होतं. पाचच्या आत गठ्ठा नेऊन द्यायचा होता आणि हत्ती गेला, शेपूट तेवढं राहिलं होतं. बाईसाहेबांनी एक रुमाल घडी घालून बाजूला ठेवला, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "तर पुन्हा त्याच संध्याकाळवर येते. ती दार उघडून बाहेर आली, तेव्हा बॅग जागेवर नव्हती. त्याने ती उचलून माळ्यावर ठेवली होती. आणि त्याने तिला एक शब्दही विचारला नाही. म्हणाला, चहा टाकतेस का." त्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळली. "माझं इथे संपलं. आता शेवटचं पान तुमचं."

लघुसाहेबांची पेन्सिल "तुमचं" लिहून थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे त्या वेळी त्याच्या मनात काय होतं ते लिहा. ते मला कसं ठाऊक असणार? ते तुम्हीच लिहायला पाहिजे."

"कोणाच्या मनात?"

"नवऱ्याच्या."

"कोणाच्या नवऱ्याच्या?"

बाईसाहेब त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. गर्दीत ओळखीचं माणूस समजून आपण हाक मारावी आणि वळलेला चेहरा भलताच निघावा, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, पण धुण्याचा नाही, नुसता इकडचं तिकडे ठेवल्याचा.

लघुसाहेबांनी गठ्ठा ओढला आणि आपली कादंबरी पहिल्यांदा वाचायला घेतली.

एक बाई होती. तिला लग्नाआधी शिकवायची हौस होती आणि लग्नानंतरही ती गेली नव्हती. तिचा नवरा भला होता. कधी आवाज चढवला नाही, पगार घरी आणला, मुलीचे बूट स्वतः पुसून दिले. फक्त तो ऐकायचा नाही. ती बोलली की हं म्हणायचा, मान डोलवायचा, आणि आत काहीच जायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. लघुसाहेबांना पहिल्या प्रकरणात त्या नवऱ्याचा राग आला. कसला मूर्ख माणूस आहे हा, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या प्रकरणात तो नवरा एका कचेरीत कामाला होता. तिसऱ्यात त्याच्या खिशाला आतून पेन्सिलीच्या टोकाने भोकं पडलेली होती, आणि बायको ती शिवत होती. लघुसाहेबांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

पुढची पानं त्यांनी उभं राहून वाचली. त्या बाईने नवऱ्याला न सांगता लांबच्या एका शाळेत अर्ज केला होता. म्हणजे तिने सांगितलं होतं, दोनदा, आणि तो हं म्हणाला होता. शाळेने बोलावलं. राहायला खोली होती, मुलीला तिथेच शिकता आलं असतं. एका सकाळी तो कचेरीत आणि मुलगी शाळेत गेल्यावर तिने बॅग भरली, चेन तुटलेली होती म्हणून वरून नाडी बांधली आणि बस स्टँडवर गेली. बस उभी होती. ती चढली नाही. मुलीला न घेता कसं जायचं, उद्या दोघी निघू, असं ठरवून ती परत आली. बॅग तिने मुद्दामच घराच्या दारातून आत येतानाच्या बोळात ठेवली, येणाऱ्याला दिसेल अशी. विचारलं तर सगळं सांगायचं आणि सकाळी निघायचं. मग ती आतल्या खोलीत दार लोटून बसली. नवरा आला. त्याची पावलं बोळात थांबली. मग शिडी ओढल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा बॅग नव्हती, आणि तो चहा मागत होता, अशा आवाजात की जसं काही घडलंच नाही.

पुढचं पान बाईसाहेबांनी फार हळू सांगितलं असणार, वाक्यं लहान लहान होती. त्या बाईला कळलं की त्याला कळलंय. आयुष्यात एकदा त्याला सगळं कळलं, आणि त्याने तिला शरमेत पाडलं नाही. प्रश्न नाही, जाब नाही. बॅग उचलून वर ठेवली, म्हणजे राहा असं म्हटलं. न ऐकणाऱ्या माणसाने न सांगितलेलं ऐकलं. त्यावर ती राहिली. पुढेही तो कधी ऐकायचा नाही, पण तिला त्या एका संध्याकाळची आठवण पुरायची. आणि त्यानंतर, नवा परिच्छेद करून, "हे असं सांगितलेलं चालेल ना तुम्हाला?" असं टाइप केलेलं होतं.

लघुसाहेब खाली बसले.

बॅग त्यांना आठवत होती. आठवत नसती तर बरं झालं असतं. तपकिरी, नाडी बांधलेली. पुढे केव्हातरी ती भंगारात गेली. त्या संध्याकाळी ते दमून आले होते, बोळात अंधार होता आणि पाय बॅगेत अडकून ते पडता पडता वाचले. घरात जुने कपडे काढून ठेवले असतील, असं त्यांना वाटलं. शिडी आणली, बॅग वर टाकली, आणि गुडघा चोळत चहा मागितला. बस. त्यांच्या मनात त्या वेळी गुडघा होता.

आता लघुसाहेबांची जी अवस्था झाली ती सांगायची तर कठीण आहे. एक म्हणजे त्यांना वाईट वाटलं, साधं, सरळ, छातीत दुखावं तसं. दुसरं म्हणजे कादंबरीतला तो नवरा त्यांना फार आवडला. किती मोठ्या मनाचा माणूस. आणि तिसरं, त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला, कारण बायको इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहत होती आणि यांना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे हे सगळं खरं होतं का? की बाईसाहेबांनी खऱ्यात थोडं रचून घातलं होतं? कादंबरी म्हटल्यावर रचायचंच असतं. मग शेवट खरा हवा की रचलेला? तिला काय हवं होतं, कादंबरीचं शेवटचं पान, की उत्तर? डोकं धरून बसलं तरी त्यांना यातलं काही सुटेना. घड्याळ मात्र चाललं होतं.

त्यांनी टाइप करायला सुरुवात केली. समोर कोणी बोलत नव्हतं. बोटं दोनदा अडली आणि मग चालली. "त्याला सगळं कळलं होतं. बॅगेची नाडी पाहिली तेव्हाच त्याला कळलं. त्याला वाटलं, आता काही विचारलं तर ही जाईल. म्हणून तो काही बोलला नाही."

लघुसाहेबांनी हे वाचलं. आयुष्यातली पहिली स्वतःची वाक्यं. चांगली होती. खोटी होती, पण चांगली होती. आपल्याला रचता येतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ज्याच्यासाठी इतकं झुरलो ते मिळाल्यावर माणसाला जसं वाटावं तसं काहीच त्यांना वाटेना.

ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाईसाहेब ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या. त्यांनी पान घेतलं आणि वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा असा बदलत गेला की लघुसाहेबांना तिथून पळून जावंसं वाटलं. तरुणपणी ती अशी दिसायची, आणि तेव्हाही आपण नीट बघितलं नव्हतं.

"खरंच?" बाईसाहेबांनी विचारलं.

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मान डोलवली असती तरी चाललं असतं, त्या कामात तर त्यांचा हातखंडा होता.

"नाही," लघुसाहेब म्हणाले. "मला काही कळलं नव्हतं."

"मग बॅग कशाला उचललीत?"

"पायात आली."

बाईसाहेब स्टुलावर बसल्या. पान त्यांनी मांडीवर ठेवलं आणि तळव्याने सारखं केलं, कपडा सारखा करावा तसं. लघुसाहेब उभेच होते. पुढे म्हणायची सवय जिभेवर आली होती, ती त्यांनी गिळली.

"म्हणजे मी उगाचच राहिले," शेवटी बाईसाहेब म्हणाल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस जसा स्वतःशी बोलतो, तशा बोलल्या.

"मी त्या दिवशी विचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं."

"आणि सांगितल्यावर?"

"सकाळी गेले असते." त्यांनी पानावरून पुन्हा तळवा फिरवला. "तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मी राहिले आणि तुम्ही कधीच विचारत नाही म्हणून निघाले होते. आता यात चांगलं काय आणि वाईट काय, मला तर काही कळत नाही."

लघुसाहेबांनाही कळत नव्हतं. न ऐकल्यामुळे बायको जायला निघाली आणि न ऐकल्यामुळेच राहिली. यातून धडा काय काढायचा? पीटी सरांकडेसुद्धा याचं उत्तर नसतं.

"मी आता विचारतो," ते म्हणाले. "राहशील?"

बाईसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम उठल्या. "अहो, पाचच्या आत पोचायचंय ना? अजून इथेच काय उभे? लेकीने सगळ्या जगाला सांगून ठेवलंय, तोंडघशी पाडाल तिला."

"पण हे पान?"

"असू दे ते." त्यांनी बाहेर येऊन ते पान स्वतःच्या हाताने गठ्ठ्याच्या शेवटी लावलं आणि गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. "कादंबरीत तरी त्याला कळू दे."

लघुसाहेबांनी पहिल्या पानावरचं आपलं नाव खोडून पेन्सिलीने तिचं लिहिलं. बाईसाहेबांनी ते पाहिलं. गठ्ठा पिशवीत घातला, पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. लघुसाहेब चपला घालून जिना उतरू लागले. मधल्या मजल्यावर पीटी सर भेटले. "झाली?" त्यांनी विचारलं. "झाली," लघुसाहेब म्हणाले. "बघा, मी म्हटलं नव्हतं? कवायत," पीटी सर म्हणाले आणि वर गेले.

खाली दारापर्यंत आल्यावर लघुसाहेब थांबले. बाहेर ऊन होतं, रिक्षा उभी होती, चालवणारा बोलवत होता. काहीतरी राहिलं होतं. त्यांनी पिशवी उघडून पाहिली, पानं सगळी होती. चष्मा होता, रुमाल होता. मग ध्यानात आलं. त्यांनी विचारलं होतं आणि तिने घड्याळाकडे पाहिलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं.

रिक्षावाला म्हणाला, "यायचंय ना?"

लघुसाहेब वळले आणि जिना चढू लागले. मधल्या मजल्यावर दम लागला, तरी थांबले नाहीत. दार बाईसाहेबांनीच उघडलं. तोंड धुतलेलं दिसत होतं.

"काय विसरलात?"

"तू काही बोलली नाहीस," लघुसाहेब धापा टाकत म्हणाले. "मी विचारलं, त्यावर."

बाईसाहेबांनी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तिथे पोचायला वेळ लागेल तुम्हाला. खिडकी बंद होईल त्यांची."

"होऊ दे."

त्या दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत, दार लावलंही नाही. लघुसाहेबांनी पिशवी खाली ठेवली आणि ऐकायला उभे राहिले.